खोलीसाठी भेट

वहिनी — तिसरं, रस्त्याकडे उघडणारं दार. म्हणजे गिऱ्हाइकांनी आपल्या स्वयंपाकघरातून वळसा घालून आत यायचं बंद. लिहिलंस?

नणंद — लिहिलं. पण वहिनी, खोली अजून मिळालेली नाही.

वहिनी — मिळाल्यावर मोजून काय करायचंय? आधी मोजलं की अंगात जोर येतो. चौथं काय?

नणंद — उत्तरेची खिडकी. दिवसभर एकसारखा उजेड. काळ्या कापडावर काळा दोरा घालायला भरदुपारी दिवा लावायला नको. दातांचा दवाखाना होता ना तिथे, डॉक्टरबाईंनी खिडकी बघूनच जागा धरली असणार.

वहिनी — पाचवं, मला माझं जेवणाचं टेबल परत. परवा तुझ्या दादाच्या घासात टाचणी आली.

नणंद — डोक्याच्या बाजूने आली होती. टोचली नाही.

वहिनी — हो, तो पण तेच म्हणाला. बहीणभाऊ एकाच ताग्यातले. पाच फायदे झाले. आता अडचणी सांग.

नणंद — दोन. एक बेकरीवाला, त्याला भट्टी लावायची आहे. दुसरे शिकवणीचे सर, त्यांना बाकं टाकायची आहेत. डॉक्टरबाई दर उन्हाळ्यात अंगणात जेवण घालतात तसं या रविवारीही आहे, आणि यंदा आम्हाला तिघांनाही बोलावलंय. खोली कुणाला ते त्यानंतर सांगणार.

वहिनी — म्हणजे ताट हातात देऊन मुलाखत.

नणंद — त्या तशा नाहीत गं.

वहिनी — कुणीच तसं नसतं. तरी कोण काय घेऊन आलं ते प्रत्येक जण बघतं. तू काय नेणार आहेस?

नणंद — तेच तर दाखवायचं होतं. डोळे मिट. नाहीतर राहू दे, उघडेच ठेव, मला दम निघत नाही. हा बघ. झगा. सुती, सैल, मागे बटणं नाहीत, उन्हाळ्यात घरात घालायला. कसा झालाय?

वहिनी — सुरेख झालाय. मापं कधी घेतलीस त्यांची?

नणंद — घ्यायला कशाला लागतात? गेल्या उन्हाळ्यात बघितलंय की त्यांना. आणि गेल्या आठवड्यात भाजीच्या दुकानात दिसल्या, कमरेला दीड इंच वाढल्यात, ते धरलंय. काखेत पण सोडलंय थोडं. नेमका बसेल. पैज लाव.

वहिनी — पैज कशाला, बसेलच. तेच तर वाईट आहे.

नणंद — म्हणजे?

वहिनी — अगं शहाणे, त्या बाईने तुला मापं दिली नाहीत, आणि तू सगळ्या पाहुण्यांसमोर तिच्या हातात तिची मापं ठेवणार. दीड इंचासकट. तिला वाटेल, ही पोरगी वर्षभर माझी कंबर मोजत होती.

नणंद — मोजत नव्हते. दिसते मला. तुला दुकानात स्क्रू बघितला की नंबर कळतो ना, तसं.

वहिनी — स्क्रूला लाज नसते. झगा कपाटात ठेव, तुझ्या आत्याला होईल.

नणंद — आत्याला दंडात घट्ट होईल.

वहिनी — बघ. आता आत्याचंही निघालं.

नणंद — मग फुलं नेऊ? मोठा गुच्छ.

वहिनी — दारात पंधरावीस माणसं उभी, आणि ती बाई तुझ्या फुलांसाठी घरभर फुलदाणी शोधत फिरणार. जी वस्तू दिल्याबरोबर यजमानणीला कामाला लावते, ती भेट नाही. ते बिऱ्हाड.

नणंद — केक?

वहिनी — बेकरीवाला काय हात हलवत येणार आहे?

नणंद — पुस्तक?

वहिनी — सर.

नणंद — सुगंधी मेणबत्ती. तिला काही करावं लागत नाही.

वहिनी — भर उन्हातून नेणार आहेस. पोचेपर्यंत ती तुला नमस्कार करेल वाकून. असं नाही सुचायचं. गेल्या वर्षी मीही आले होते ना तुझ्याबरोबर? काय झालं तिथे, आठव. माणसाला काय लागतं ते दुकानात विचारून कळत नाही, तो हाताने काय करतोय ते बघावं लागतं.

नणंद — छान झालं होतं सगळं. झाडाखाली लांब टेबल, निळी चादर घातलेली. वारा होता. डॉक्टरबाई टेबलाच्या टोकाला उभ्या राहून सगळ्यांशी बोलत होत्या. त्यांचं कोपर दुखत असावं.

वहिनी — का?

नणंद — टेकवून उभ्या होत्या. सारख्या.

वहिनी — टेकवून नाही, दाबून. एका कोपऱ्यावर मिठाची बाटली होती, दुसऱ्यावर वीट, तिसऱ्यावर कुणाची तरी पर्स. चौथ्यावर डॉक्टरबाई. मी मुद्दाम बघत होते. कुणी बोलवलं की दुसरं कोपर ठेवून मगच वळायची. ते टेबल सोडून बाई दोन पावलं गेली नाही, नाहीतर चादर भांड्यांसकट उडाली असती.

नणंद — वहिनी.

वहिनी — काय?

नणंद — थांब, बोलू नकोस. पिशव्या. एवढ्या, लिंबाएवढ्या. आत वजन. वर चिमटा, चादरीच्या कडेला अडकवायचा. चार कोपऱ्यांना चार आणि लांब बाजूंना दोन दोन. आठ. निळ्या रंगाच्याच, म्हणजे चादरीचाच भाग वाटतील. माझ्याकडे त्या निळ्याच्या जवळचा तुकडा आहे. कुठे ठेवलाय, थांब, ऊठ जरा, तू त्याच्यावरच बसली आहेस.

वहिनी — वजन कसलं घालशील? वाळू गळते.

नणंद — तुझ्या दुकानात काय आहे?

वहिनी — वॉशर. बिनजोडीचे डबाभर पडलेत, मालक म्हणतात घेऊन जा कुणीतरी. पण वाजतील.

नणंद — कापसात गुंडाळीन एकेक. वाजायची काय टाप आहे. उद्या आण. नाही, आज आण. दुकान बंद व्हायला अजून तासभर आहे.

वहिनी — आज माझी सुट्टी आहे.

नणंद — म्हणूनच निवांत जाऊन येशील.

वहिनी — बघ, खोली मिळायच्या आधीच मालकीणबाई झाली. पिशवी दे ती.

नणंद — आलीस? आणलेस वॉशर? दे. या दोन शिवून झाल्यात, भर. घाल चादर टेबलावर. पंखा पाचवर कर.

वहिनी — तुझ्या दादाचा चहा आहे टेबलावर.

नणंद — असू दे, खऱ्या जेवणातही असणारच की. लावला चिमटा. सोड हात.

वहिनी — धर. धर तो कप.

नणंद — वजन जास्त झालं.

वहिनी — चादर उडू नये म्हणून पिशव्या लावल्यास, त्या चादरच खाली ओढतायत. एकेकीत किती घातलेस?

नणंद — मावले तेवढे.

वहिनी — मावले तेवढे म्हणे. अर्धे काढ. आता? अजून दोन काढ. पंखा चालू राहू दे. आता कडा हलतेय, पण उठत नाही. नऊ वॉशर. लिहून ठेव, नऊ.

नणंद — जमलं. वहिनी, जमलं. बघ, हात लावलाय का कुणी?

वहिनी — नाही लावला. पण शिवताना नीट शीव. घाईने नको.

नणंद — तुला माझी शिवण माहीत नाही का?

वहिनी — माहीत आहे. तुझी घाईही माहीत आहे. आणि एक लक्षात ठेव, तिथे खोलीचा विषय आपण काढायचा नाही. कुणी काढला तर आपण सरबत प्यायचं.

*(रविवार, डॉक्टरबाईंचं अंगण. बहुतेक पाहुणे गेलेले. झाडाखाली लांब टेबल, त्यावर निळी चादर आणि रिकाम्या बश्या. वारा आहे.)*

डॉक्टरबाई — बसा हो दोघी जरा. आता उरलंय कोण? वहिनी, ती बशी ठेवा खाली.

वहिनी — एवढी आत ठेवते आणि बसते.

नणंद — डॉक्टरबाई, आम्ही निघतोच आता.

डॉक्टरबाई — निघाल. आधी हे सांग, या आठ निळ्या चिमण्या कुणी सुचवल्या?

नणंद — शिवल्या मी. माझ्या मनात वेगळंच होतं, तेही चुकीचं. तुमचं कोपर वहिनीने बघितलं गेल्या वर्षी. मला वाटलं दुखतंय.

डॉक्टरबाई — वीस वर्षं मी या टेबलाला टेकून उभी आहे. माझी मुलंसुद्धा म्हणतात, आईला मिरवायला आवडतं. आज वाऱ्याने बेकरीवाल्यांच्या खोक्याचं झाकण कुंपणापलीकडे नेलं, आणि मी तिथे खुर्चीत बसून ते जाताना बघत होते. पाय पसरून. सरांनी आणलेलं पुस्तक मांडीवर होतं. आधी वाचलेलं होतं, पण बसून कुठे वाचलं होतं?

नणंद — मला एक सांगायचंय.

वहिनी — सरबत घे गं तू.

नणंद — नको वहिनी. डॉक्टरबाई, आम्ही या पिशव्या खोलीसाठी आणल्यात. म्हणजे खोली मला मिळावी म्हणून. तुमची आठवण आली आणि सहज शिवल्या, असं तुम्हाला वाटत असेल तर ते खरं नाही. आम्ही टेबलाशी बसून यादी केली होती.

डॉक्टरबाई — मग?

नणंद — मग काही नाही. सांगून टाकलं. एवढं बसून बोललात तुम्ही आज, मला आतून टोचत होतं.

डॉक्टरबाई — अगं बाई, पस्तीस वर्षं मी लोकांना आ करायला लावलं. खुर्चीत बसायच्या आधीच कोण खोटं बोलणार ते कळायचं. खोलीसाठीच आलात तिघेही. इथून खोलीच्या उघड्या दारातून दिसत होतं, बेकरीवाले दारापासून भिंतीपर्यंत पावलं टाकत गेले, भट्टी किती आत जाईल ते बघायला. सर ओठ हलवत बाकं मोजत होते. आणि तू खिडकीपाशी जाऊन बाहीची शिवण उजेडात धरून बघितलीस.

नणंद — दिसलं होय तुम्हाला?

डॉक्टरबाई — खुर्चीत बसलेल्या माणसाला सगळं दिसतं. आज कळलं. पण माझं ठरलं ते त्यावरून नाही. आण ती कोपऱ्यातली पिशवी इकडे. ही मी मघाशी तोंडाची नाडी सोडून उलटी केली.

वहिनी — उसवली का?

डॉक्टरबाई — उसवायला टाका सापडायला हवा. आतली कड दुमडून बारीक शिवली आहे, आणि आत लोखंड आहे तेही कापसात बांधून ठेवलंय. कोण बघणार होतं आत?

नणंद — कुणी नाही. पण वॉशरची धार आतून कापड खाते. वर्षभरात फाटली असती.

डॉक्टरबाई — अगदी. मागच्या दाढेत मी चांदी भरायचे तेव्हा माझा मदतनीस म्हणायचा, बाई, तिथे कोण बघतंय. मी म्हणायचे, घास बघतो. खोली पहिल्या तारखेपासून तुझी. भाडं कमी करणार नाही, आधीच सांगते.

नणंद — नका करू. वहिनी, ऐकलंस? नका करू म्हटलं मी. 

वहिनी — ऐकलं गं. तुझ्या दादाला कळव.

नणंद — मी दादाला फोन करून येते. नाही, आधी खिडकी बघून येते. जाऊ का, डॉक्टरबाई? किल्ली?

डॉक्टरबाई — उघडंच आहे. जा. पळू नकोस, उंबऱ्यापाशी ठेच लागते.

वहिनी — पळाली. आता अर्धा तास ती खिडकी सोडत नाही. तोवर ही भांडी होतील.

डॉक्टरबाई — भांड्यांना हात लावू नका. मी बसले म्हणजे वाढायला कुणी उठलं असेल ना? दर वेळी मी उठायला गेले की तुम्ही ताट घेऊन समोर. कुणाला पाणी, कुणाला फळं, त्या आजोबांना मऊ काहीतरी. सरांना तिसऱ्यांदा दिलंत तेही बघितलं.

वहिनी — दुकानाचं भांडार सांभाळते हो मी. वाटपात गोंधळ दिसला की हात शिवशिवतात. त्यात काय एवढं.

डॉक्टरबाई — तुम्ही जेवलात?

वहिनी — हो, वाढता वाढता टाकलं तोंडात काहीतरी.

डॉक्टरबाई — आ करा.

वहिनी — डॉक्टरबाई, काहीतरीच काय.

डॉक्टरबाई — काहीही टाकलेलं नाही. ओठांवरचा रंगसुद्धा जागच्या जागी आहे. आणि आत आता केकचा चुराही उरलेला नाही, मीच शेवटचा खाल्ला. मुलीला खोली मिळाली, मला भाडं आणि खुर्ची मिळाली, बाकीचे पोटभर जेवून गेले. आज चोवीस माणसं होती या अंगणात, आणि जेवली तेवीस.

वहिनी — चोवीसांत एक. एवढी तूट आम्ही दुकानातही धरतो.