मशीनची बोहनी

तानाबाई : ते समदं खरं, पन तोंडाचा दुपट्टा तं सोड. बोहनीले बोलावलं मले, अन् तोंड झाकून बोलून राह्यली.

वर्षा : धूळ आहे ना मावशी. तीन दिवस झाले, या मशीनच्या खोक्यातच तोंड आहे माझं. बोहनी होऊ द्या, मग सोडते.

तानाबाई : कोनाची वो तू? तीन दिवसांपासून विचारून राह्यली मी. आर्णीतली तं दिसत नाईस.

वर्षा : मशीनवाली. तेवढं पुरत नाही का?

तानाबाई : नाई पुरत. बावीस वर्षं झाले, या स्टँडवर पानी विकून राह्यली मी. कोनाची, कुठची, कुठं चालली, हे विचारल्याबिगर एक बाटली देल्ली नाई कोनाले.

वर्षा : ठाऊक आहे.

तानाबाई : कोनं सांगतलं?

वर्षा : सारेच सांगतात. तानाबाईचा हात लय चांगला, तोंडाचं विचारू नका, म्हणतात.

तानाबाई : तोंडाचं जाऊ दे, हाताचं बोल. रोडवरचं ते मोबाईलचं दुकान पाह्यलं ना? माज्या हातची बोहनी. कटलरीवाला फुलचंद, त्याची बी मीच केली. ज्याले मी पह्यला पैसा देल्ला, त्याचं शटर आजवर बंद पडलं नाई. म्हनून तं तू आली माज्यापाशी.

वर्षा : म्हणूनच आले.

तानाबाई : मंग घाई कर. तुह्यापाई आज मी माजं शटर बी उचललं नाई अजून.

वर्षा : कालच म्हणाल्या ना तुमी, एका सकाळी दोन बोहन्या असल्या तं दुसऱ्याची आधी करायची.

तानाबाई : म्हनली. रीतच हाये तशी. बरं, सांग, ही काचेची आलमारी करते तरी काय काय?

वर्षा : पाणी, बिस्कीट, चिप्स, फल्लीची चिक्की. खालच्या खान्यात पोरींचे पॅड. नोट टाका नाहीतर मोबाईलनं स्कॅन करा, नंबर दाबा, वस्तू खाली पडते. काय संपलं ते मले मोबाईलवर दिसते. पुढच्या महिन्यात मारेगावले एक लावते, मग पुसदच्या कॉलेजात. दोन वर्षांत जिल्ह्यात एक स्टँड सोडणार नाही. तिले सुट्टी नाही, सुतक नाही, कोणाचं लगन नाही.

तानाबाई : अन् गाडी चारच मिनटं थांबली तं? म्हातारं मानूस खिडकीतून हात काढते, त्याच्यापाशी ही धावत जाईन का?

वर्षा : नाही जात.

तानाबाई : आपला कंट्रोलर देवराव. शुगर हाये त्याले. रोज चिक्की मागते अन् रोज माज्या शिव्या खाऊन वापस जाते. ही देईन त्याले?

वर्षा : देईल. दिवसातून दहा वेळा मागितली तं दहा वेळा देईल.

तानाबाई : मरून जाईन ना तो.

वर्षा : त्याचा जीव, त्याची मर्जी. मावशी, गिऱ्हाइकाले आता तेच पाह्यजे. काहून घेतो, कोणासाठी घेतो, कोणी विचारू नये. परवा मी खाने बसवून राह्यली होती, तं कॉलेजच्या चार पोरी आल्या. पॅडचा खाना पाहून विचारतात, ताई, हे कधी चालू होईल? म्हणलं, समोर तानाबाईकडं मिळते ना. तं हासल्या. म्हणे, तिथून घेतलं की सांजेपर्यंत घरी माहीत होते.

तानाबाई : चावट हायेत पोट्ट्या. पेपरात बांधून देते मी.

वर्षा : पेपरात बांधून, अन् मोठ्यानं विचारून.

तानाबाई : हासू दे त्याहिले. माजं काय चाललं ते मले ठाऊक. आमचे मालक वारले तवा ऋतिक म्हने, आई, पुसदले चल. गेलती मी दिवाळीले. तो शाळेवर जाते, सून बँकेत. जातानी बाहेरून कडी लावून जातात. म्हातारी कुठं भटकन म्हनून. आठ दिवस खिडकीतून रस्ता पाहत बसली मी. नवव्या दिवशी सुनेनं दूध घ्याले दार उघडलं, तशीच चपला घालून निंघाली अन् आर्णीची गाडी धरली. हे दुकान हाये तोवर कोनाची कडी नाई मले. हे गेलं की मी बी गेली समज.

वर्षा : दुकान कोणाच्या नावावर आहे?

तानाबाई : मालकाच्या होतं, आता ऋतिकच्या. कागदाचं समदं तोच पाहते. मले कुठं येते वाचता. बरं, बोहनीचा पैसा आपल्या पदरचा लागते. हे घे.

वर्षा : पाचशेची? तुमच्याच हातानं टाका तिथं.

तानाबाई : बाहेर आली वो नोट.

वर्षा : मोठी नोट घेत नाही ती. पण ठेवूनही घेत नाही. लगेच वापस देते, माणूस मोकळा. वीसची आहे का?

तानाबाई : हाये एक. गेली आत. आता?

वर्षा : एक अन् दोन दाबा. बारा नंबर.

(बाटली खाली पडल्याचा आवाज.)

तानाबाई : पडली वो. अन् थंडगार हाये. चल, झाली बोहनी. बरकत येवो बाई तुले. जथी उभी केली तथी तुही मशीन कधी बंद न पडो. आता तं सोड दुपट्टा.

वर्षा : सोडला. ओळखलं?

तानाबाई : थांब. तू तं तांड्यावरच्या शंकरसिंगची. वर्षा ना तू?

वर्षा : हो. चार वर्षं झाले. सकाळची सहाची नागपूरची गाडी. तुमची बोहनी व्हायची होती, अन् माझ्याजवळ पाचशेची नोट. एक पाण्याची बाटली मागितली मी.

तानाबाई : बोहनीचं गिऱ्हाईक मी वापस पाठवत नाई.

वर्षा : तिथंच तं फसले. दुसऱ्या कोणी म्हणलं असतं, चिल्लर नाही, चाल पुढं. तुमी नोट कंबरेच्या पिशवीत टाकली अन् म्हणाल्या, बस वो पोरी, पानी पी, येतेच चिल्लर. मग विचारलं, कोणाची? मी सांगितलं. कुठं चालली? नागपूर. एकटीच? हो. मग तुमी दुकानाच्या मागं गेल्या. मले वाटलं, चिल्लर आणाले गेल्या.

तानाबाई : तुह्या बापाले फोन लावाले गेलती. लावला. लपवून काय ठेवू? तो दर बाजारी माज्याकडं बसे. पोरगी पहाटेची एकटी, हातात पिशवी, तोंड उतरलेलं. पळून चालली म्हनलं. माजी पोरगी असती तरी लावला असता.

वर्षा : नर्सिंगच्या ॲडमिशनचा शेवटचा दिवस होता तो. याडीनं, माझ्या मायनं, आपली हातातली चांदी मोडून, बाले न सांगता, तेवढी एक नोट देल्ली होती तिकिटाले. ती तुमच्या पिशवीत. गाडी माझ्या डोळ्यासमोरून गेली. मग बा आला मोटरसायकलवर, अन् चिल्लर तुमी माझ्या हातात नाही, त्याच्या हातात देल्ली.

तानाबाई : मंग शिकवलं नाई त्यानं तुले?

वर्षा : पंधरा दिवसांत हळद लावली. नवरा ट्रकवर होता. जाताना बाहेरून कुलूप लावून जाय. कधी दोन दिवस, कधी चार. याडी वारली त्या दिवशीही कुलूप होतं. शेजारणीनं खिडकीतून सांगितलं मले, अन् खिडकीतूनच मी रडले. पुढं सोडलं त्याले, पण याडीचं तोंड पाहाले भेटलं नाही ते नाहीच.

तानाबाई : मले काय ठाऊक वो पोरी. मी आपलं चांगल्यासाठी केलं. चुकलं असन माजं.

वर्षा : चुकलं कुठं? चांगल्यासाठीच केलं तुमी. मी पण चांगल्यासाठीच केलं.

तानाबाई : काय केलं तू?

वर्षा : ऋतिकदादाले फोन लावला. गेल्या महिन्यात. म्हणलं, तुमची आई या वयात गाड्यांच्या खिडक्यांमागं धावते, एखाद्या दिवशी चाकाखाली येईल, अन् लोक पोराले नावं ठेवतील. लय लागलं त्याले ते. जागा सोडतो म्हणून कागद लिहून देल्ला. तिथं आता माझी दुसरी मशीन बसते.

तानाबाई : खोटं बोलते तू. मले विचारल्याबिगर तो काई करत नाई.

वर्षा : शटर उचलून पाहा. कुलूप बदललेलं आहे. जुन्याची चावी त्यानंच पाठवली होती.

तानाबाई : म्हनून मले इथं बोहनीत गुंतवून ठेवलं सकाळपासून.

वर्षा : पुसदची गाडी येईपर्यंत तुमाले बसवून ठेवायचं होतं. काही विचारलं की तुमी बोलत बसता, हे माहीत होतं मले.

तानाबाई : बरकत वापस घेते मी माजी. बंद पडन तुही मशीन.

वर्षा : तुमच्या हातचं बंद पडत नाही मावशी. सारी आर्णी म्हणते.

तानाबाई : वर्षा, ऐक माजं. पाया पडते तुह्या. काच पुसाले ठेव मले. म्हाताऱ्या मानसाले बटन दाखवन मी, कोनाले काई विचारनार नाई. तोंड शिवून बसन. पन तथी नको पाठवू. तथी बाहेरून कडी लावतात वो.

वर्षा : पह्यल्या दिवशी दार बडवू नका. हात सुजतात. अन् घरात पाणी भरून ठेवत जा.

तानाबाई : हॉर्न वाजला. पुसदची हाये.

वर्षा : हो. बसा मावशी, पाणी प्या. येतेच ऋतिकदादा.