सात नंबरची जूली

…नाही, फ्रिज नेला ना? नेला. सोफा नेला, कपाटं नेली, गच्चीवर चढून टीव्हीची अँटेना उतरवून नेली, कुंड्या नेल्या, अहो कुंड्या! मातीसकट! ट्रकात गुलाबाची झाडं अशी ऐटीत बसली होती की बदली त्यांचीच झालीय असं वाटावं! आणि कुत्र्याला जागा नव्हती! तुम्हाला सांगते, त्या ट्रकात मी स्वतः डोकावून बघितलं, माझ्यासारखी आडवी बाई पाय पसरून झोपली असती एवढी जागा होती, पण मॅडम म्हणाली, ‘मौसी, तुम रख लो ना इसको, बहोत अच्छी नसल की है, वहाँ फ्लॅट छोटा है।’ फ्लॅट छोटा! फ्लॅटला काय बोल लावतेस गं?

मी कोण? मी खाणावळवाली. बोईसर स्टेशनापासून कारखान्यांकडे रस्ता जातो ना, त्या रस्त्यावर माझी खाणावळ. शाळेची पायरी चढले नाही, वाण्याच्या पुड्या सोडून सोडून वाचायला शिकले, म्हणून मला जगातल्या सगळ्या बातम्या अर्ध्या माहीत आहेत, खून झाला एवढं कळतं, कोणी केला तो कागद दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या हळदीला गेलेला! पण माणूस वाचायला पुडी लागत नाही. साहेब लोकांची कॉलनी आहे तिथे दर उन्हाळ्यात बदल्या होतात, आणि दर उन्हाळ्यात तिथून कुत्री बाहेर पडतात. आणि ती येतात कुठे? माझ्या पडवीत. उरलासुरला भात मी घालते ना! मग मी घरं शोधते त्यांच्यासाठी. कुणाला शेतावर, कुणाला वीटभट्टीवर, एक तर वाणगावच्या मिरचीवाल्याकडे दिलं, ते आता शिंकत शिंकत राखण करतं. लोक म्हणतात म्हातारीला खूळ लागलंय. लागू दे.

तर ही जूली. सात नंबरच्या बंगल्यातली. कान उभे, पाठ काळी, डोळे असे की बघणाऱ्याने आपले खाली घालावेत. ट्रक गेला आणि ही त्या रिकाम्या बंगल्याच्या पायरीवर बसली. खायला घाल, खायची. दोरीने बांधून आण, पडवीत राहायची, आणि पहाट झाली की दोरीतून मान काढून परत सात नंबरच्या पायरीवर!

आणि त्यात आमची पंचायत. गावाचं नाव घेत नाही, नाहीतर उद्या माझा नळ तोडतील. दामू दवंडीवाला थाळी बडवत आला, ‘ऐका हो ऐकाऽऽ! सोमवारी मोकाट कुत्री मारनार हायऽऽ! आपापली घरात बांधून ठेवा होऽऽ!’ म्हणजे काय, तर पंचायतीचा एक माणूस आहे, बळवंत, तो भज्यात विष भरतो आणि टाकत जातो. मागच्या खेपेला माझ्या मोरीजवळ एक पिल्लू पाय झाडत झाडत गेलं, मी त्याच्या तोंडात ताक ओतत होते आणि ते माझ्याकडे असं बघत होतं जसं काही मीच घातलंय! दर ग्रामसभेला मी उभी राहते आणि ओरडते, या बळवंताला काढा! आणि सरपंच म्हणतो, ‘बसा आजी, घसा बसेल.’

म्हणजे सोमवारच्या आत जूलीला घर हवं. आणि असं घर, जिथे ती टिकेल. मी म्हटलं, सोपं आहे! असलं कुत्रं कोण सोडेल? कॉलनीत गेले. पहिला साहेब, हातात वर्तमानपत्र, ‘अरे वा! अल्सेशियन? थोडं मिक्स दिसतंय, पण कान बघा, वा, छाती बघा…’ आणि वाकला. आणि काय केलं? शेपूट उचलून बघितलं! ‘ओह. फीमेल आहे.’ झालं, चेहरा असा पडला, पाहुण्यांसमोर वीज जावी तसा! ‘नाही हो आजी, पिल्लं होतील.’ मी म्हटलं, मग तुमच्या घरी काय झालं? दोन झालीच की! दार लावलं. दुसरा साहेब, तेच, कान छान, दात छान, शेपूट वर, ‘कुत्रा असता तर…’ तिसरीकडची बाई, हातावर मेंदी, स्वतः तीन मुलींची आई, तिनेही शेपूट उचलून बघितलं! अगं बये, तू तरी! सगळं कुत्रं समोर उभं आहे, जीभ बाहेर काढून तुमच्याकडे बघतंय, आणि तुम्ही आधी काय बघता? शेपूट उचलून! माझ्या आईला मी पाचवी. सुईणीने काय बघितलं? तेच. मला शेपूट नव्हतं एवढाच फरक.

मग म्हटलं, बुडाला आग लागो या कॉलनीच्या, आपल्या माणसांत विचारू. साखरबाई आहे मुरबे गावची, मासळीची पाटी घेऊन बाजाराला येते, माझ्या पडवीत घटकाभर टेकते, कुत्र्यांना मुंडकी टाकते. तिला म्हटलं, कुत्री आहे हो, मादी आहे, आधीच सांगते. तर ती म्हणते, ‘मंग बरंच हाय की गं बाय! नर काय करतो? गावभर फिरतो नि जेवायला घरी येतो. तसला एक हाय आमच्या घरात, पुरे हाय!’ मी तिचे हात धरले हो! किनाऱ्यावर बांबू बांधून बोंबील वाळत घालतात, त्याला राखण लागते, मांजरं, कावळे, चोर… जूलीला मिठी मारली, एसटीत बसवून दिली, आणि घरी येऊन गूळ घालून चहा घेतला. म्हटलं, सुटली पोर.

काय सुटली! तीन दिवस झाले नाहीत तोवर लांबून भुंकण्याचा आवाज. बघते तर साखरबाई, डोक्यावर पाटी, कमरेला दोरी, दोरीच्या टोकाला जूली, आणि जूली कोणावर भुंकतेय? साखरबाईवर! थांब्यापासून माझ्या दारापर्यंत, न थांबता!

‘घे बाय, ही तुजी मडम घे! माज्या नवऱ्यावर भुकते, तो तर सवयीचा हाय म्हना, पन सासूवर भुकते, पोरांवर भुकते, मी ताटली ठेवली की खाते, नि तोंड पुसायच्या आदी माज्यावर भुकते! नि काल एक मानूस आला, कोन नि कुठला, पायात हे एवढे बूट, सुक्या बोंबलाची पाटी उचलली नि चालता झाला. ही काय करते? शेपूट हालवत त्याला वेशीपर्यंत पोचवाया गेली!’

मी डोक्याला हात लावला. मग जूलीला पडवीत बांधली आणि जेवणाच्या वेळेला नुसती बघत बसले. स्लीपरवाला आला, भुंकली. अनवाणी आला, दात काढले. बिचारा बिहारचा पोरगा ताट सोडून पळाला, ‘अम्मा, ई तो काट खाएगी!’ आणि तेवढ्यात एक सुपरवायझर आला, बूट टकटक टकटक… आणि हिचं शेपूट! असं हललं की मागचं सगळं अंग हललं! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही तोंडं बघतच नाही हो. ही पाय बघते! बंगल्याच्या फाटकात मोळीवाली आली, ‘जूली, छू!’ भाजीवाली आली, ‘जूली, छू!’ बूटवाला आला, ‘जूली, नमस्ते करो!’ शिकली बिचारी. साहेब ट्रकात बसून गेला आणि त्याची साहेबी इथे पायरीवर ठेवून गेला!

आता सांगा, हिला द्यायची कुणाला? बूटवाल्यांवर हिचा जीव, तर ते शेपूट उचलून बघतात. आणि जी माणसं शेपूट उचलत नाहीत त्यांच्या पायात बूट नाहीत! मी तिला माझ्याच घरी ठेवली असती, पण मी अनवाणी! माझ्या हातचा भात खाऊन ती माझ्यावर गुरगुरते. सुनासुद्धा थोडी लाज ठेवतात.

आणि सोमवार उजाडला. उठून बघते तर दोरी रिकामी.

धावले. या वयात, लुगडं खोचून, कॉलनीच्या रस्त्याने. सात नंबरसमोर पोचले तर ती तिथेच, पायरीवर. आणि समोरून बळवंत. हातात पिशवी. आणि पायात… अहो, पायात बूट! कुत्री चावतात म्हणून पंचायतीने त्याला गुडघ्यापर्यंतचे बूट दिलेले! रस्त्यावरची बाकीची कुत्री त्याला बघून गटारात शिरली, त्याचा वास ओळखतात ती, आणि ही? ही उठली. आळस दिला. आणि शेपूट… मी ओरडले, ‘जूली! इकडे ये! जूलीऽऽ!’ तर तिने माझ्याकडे वळून बघितलं आणि माझ्यावर भुंकली! माझ्यावर! आणि गेली त्याच्याकडे, त्याच्या बुटांवर हनुवटी ठेवली आणि डोळे मिटले.

भजं त्याच्या हातात होतं.

आणि तो, बळवंत, नुसता उभा. मग हळूच भजं पिशवीत टाकलं, पिशवी लांब ठेवली, हात शर्टाला पुसले, पुसले, परत पुसले. म्हणतो, ‘आजी, हे तुमचं हाय काय?’ म्हणतो, ‘मला बघून पळालं नाय. सात वर्सं झाली हे काम करतोय, एक कुत्रं जवळ आलं नाय. लोक पन पानी वरून ओततात.’ मी तोंड उघडलं. मी सांगणार होते, अरे बाबा, ती तुझ्यावर नाही, तुझ्या बुटांवर… आणि तुम्हाला सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मी जीभ आवरली. म्हटलं, ‘कोणाचं नाही रे ते. तुलाच ओळखलं त्याने.’

घेऊन गेला. पंचायतीच्या मागे त्याची खोली आहे, एकटाच असतो. दोरी लागली नाही. आणि एक सांगू? त्याने शेपूट उचलून बघितलं नाही! आज सहा महिने झाले, त्याला अजून माहीत नाही कुत्रा आहे का कुत्री, जूल्या म्हणतो तिला! साबण लावून दोनदा हात धुतल्याशिवाय तिला शिवत नाही. रात्री बूट काढायचे तर आधी दिवा मालवतो, कारण उजेडात काढले की ती गुरगुरते. दूध पाजतो. चांगलं पोसतोय. आणि सोमवारी पिशवी घेऊन बाहेर पडतो, पिशवी रिकामी करून परत येतो.

मग परवा ग्रामसभा झाली. नवा मेंबर आहे, वामन, शिकलेला पोर, मला वाटतं माझं ओरडणं ऐकून ऐकूनच त्याला पटलं असेल. उभा राहिला, ‘आजी इतकी वर्सं बोंबलतायत, ते खरं हाय. बळवंताला काढून टाकू, विष बंद करू. ज्यांचं म्हननं असं हाय त्यांनी हात वर करा.’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, त्याला दुसरं काम द्या, गटारं आहेत, दिवे आहेत. सरपंच म्हणतो, ‘दुसरं काम नाय. खोली पन खाली करावी लागंल. तो जाईल वाणगावला भावाच्या दारात, तिथं चौदा मानसं हाईत. तुमी बोला आजी, करायचा हात वर?’

आणि बळवंत मागे उभा होता, बूट घालून. आणि बुटांवर हनुवटी ठेवून ती, झोपलेली.

माझा हात? पदरातच राहिला. वर गेलाच नाही. वामन बघतच राहिला, ‘आजी?’ आणि सरपंच हसला, ‘बगा! आजीच नाय म्हनतात, मंग चालू द्या.’ बाहेर पडताना बायका कुजबुजत होत्या, म्हातारीला पैसे चारले. म्हणू देत. येत्या सोमवारी माझ्या मोरीजवळ परत कोणीतरी पाय झाडेल, मी परत ताक ओतेन, आणि ते परत माझ्याकडेच बघेल…

काय करता! लेक दिलीय त्या घरात. जावयाच्या पोटावर पाय द्यायचा म्हणजे तिच्याच ताटावर द्यायचा की नाही?