पुठ्ठ्याची पट्टी

...अरे पण उठतोस काहून, देवमन? गठ्ठा टेकवला आणि निघाला, असं असतं का बापा? बडनेऱ्याची पॅसेंजर साडेचारला, आता कुठे दोन वाजून राहिले. बस. हात धुवायचे तर मागे घंगाळात पाणी आहे — शिसं निघत नाही म्हणतोस? राहू दे मग. छापखान्यातल्या माणसाचे हात काळेच असायचे, देवाची त्याला हरकत नाही, माझीही नाही. हे घे, अनारसे आहेत दिवाळीचे. थोडे मऊ पडले असतील. भाऊबीजेला हरिहरसाठी केले होते. आला होता नं तो, चार खाल्ले, तोंडभर कौतुक केलं, आणि म्हणाला, ताई, पुस्तक बाइंडरकडे अडकलं, पुनवेच्या आत पोचवतो. बघ, पोचवलं की नाही! आज चतुर्दशी, उद्या पुनव. बोलला तसं केलं माझ्या भावानं. स्वतः नाही आला, तुला धाडलं — असेल कामात. छापखाना म्हटला की कामं असायचीच.

पिशवीत काय वाजलं रे ते लोखंडाचं? स्टिक? अगं बाई, हीच का ती स्टिक! नुसती ऐकून आहे मी. हातात धरून खिळे जुळवता नं हिच्यात, ओळ भरली की उचलून ठेवता? सगळ्या अमरावतीत फिटर नाही मिळाला, अकोल्याला आणली दुरुस्तीला? मळसूत्र ढिलं झालं — बरं बरं. ठेव बाजूला. मला आधी पुस्तक पाहू दे. सुतळी सोडवत नाही मला, तूच तोड.

हा वास बघ! कोऱ्या शाईचा. मला वाटलं होतं कापराचा येईल, काय वेडी मी. 'लाखवातींच्या ओव्या'. केवढं सुरेख अक्षर, आणि पानापानाला वेलबुट्टीची चौकट. उद्या एकवीस सवाष्णी यायच्या आहेत, प्रत्येकीच्या वाणात एकेक पुस्तक द्यायचं. त्या कोपऱ्यातल्या टोपल्या दिसतात नं — त्या सगळ्या वाती. एक लाख. आठ वर्षं वळते आहे, रोजच्या पस्तीस-चाळीस, कापूस तेल्हाऱ्याकडचा, सरकी माझ्या हातानं काढलेली. वात कशी, चार बोटांची, ना लांब ना आखूड. हजार वाती झाल्या की एक ओवी सुचायची. सुचायची म्हणजे काय, हात वळत असायचे आणि तोंडाला यायची. शंभर हजारांच्या शंभर, आणि शेवटची एक. आमच्या घरचे म्हणायचे — मास्तर नं ते, सगळ्याची थट्टा — म्हणायचे, तारा, देवाला उजेड कमी पडून राहिला की कविता? मी म्हणायची, तुम्ही पाढे शिकवा.

कोणासाठी धरलं होतं विचारतोस? ते सांगायचं नसतं, बापा. व्रताचा संकल्प बोलला की सांडतो. उद्या उद्यापन झाल्यावर सांगीन म्हणते. एकालाच सांगायचं आहे.

हे पुस्तक म्हणजे माझी ओवाळणी बरं का. मागच्या भाऊबीजेची. मी ओवाळलं, त्यानं ताटात काहीच टाकलं नाही. म्हणाला, ताई, यंदा लुगडं नाही, तुझ्या ओव्या छापून देतो. मला रडूच आलं. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा, मी तेराची. धुळाक्षरं मी काढून घेतली त्याच्याकडून, बोट धरून. त्याच बोटांनी तो आता माझी अक्षरं जुळवणार — सांगू कोणाला हे? पार्वताबाईंना सांगितलं शेजारच्या, त्या म्हणाल्या, भाऊ छापखानेवाला म्हणून पुस्तक, हलवाई असता तर पेढे. म्हणू दे.

वही घेऊन गेली मी अमरावतीला. त्यानं चाळली आणि म्हणाला, ताई, ओळी लांब आहेत तुझ्या. आमची स्टिक एवढीच. लोखंडाची आहे, ती काही ताणत नाही. मग त्यानं पुठ्ठा कापून ही पट्टी दिली मला — ही बघ, देवाच्या पोथीत ठेवली आहे. म्हणाला, तुझं अक्षर आमच्या खिळ्याएवढंच बारीक. पट्टी लावून पाहायची, पट्टीबाहेर जे गेलं ते काढायचं. मी विचारलं रे त्याला — अरे, उरलेले शब्द खालच्या ओळीवर नाही का घेता येत? मी पत्र लिहिताना घेते की. तर म्हणाला, पत्र निराळं, ओवी निराळी. चरण खाली लोंबला की वाचणारा अडखळतो, पानंही वाढतात. मला पटलं. वातीचं नाही का तसं? चार बोटं म्हणजे चार बोटं. देवाच्या कामाला माप असतं, असंच वाटलं मला.

मग चैत्रापासून आषाढापर्यंत हेच. दुपारी सगळं आवरलं की वही, पट्टी आणि शिसपेन्सिल. शब्द काढायचा म्हणजे काय असतं, देवमन, तुला ठाऊक असेल. तुझ्या हाताला असतं ते. 'काळ्याभोर रानी' होतं, तिथं 'भोर' काढलं. 'माझ्या माउलीचे' होतं, त्यातली 'माझ्या' काढली. अकरा ओव्या तर बसेचनात, त्या पूर्णच काढल्या. त्यात एकविसाव्या दिवशी ताप उतरला ती — जाऊ दे. काढली. आणि शेवटच्या ओवीला तर स्वतः हरिहरनं बोट ठेवलं. शेवटची कशी होती —

कापूस वेचिला काळ्या रानी ।
वात वळिली देवाच्या ध्यानी ।
भाऊ माझा राहो सुखानी । तारा म्हणे ॥

म्हणाला, ताई, हा शेवटचा अर्धा चरण बाहेर जातो. 'तारा म्हणे' नाही बसत. मी पट्टी लावली, खरंच जात होता, बोटभर. वाईट वाटलं क्षणभर. शंभर ओव्यांत कुठं नाव नाही घातलं मी, त्या एकीतच होतं. पण म्हटलं, देवाला काय नाव वाचायचं आहे? आणि माझ्या हातानं मी रेघ मारली. त्यानं नाही हं मारली. मीच. मग ओवी लंगडीच राहिली तेवढी — तीन पायांची.

थांब, तीच काढते. शेवटचं पान... हे काय? इथं वेलबुट्टी नाही? सगळ्या पानांना चौकट आणि याच पानाला नाही — संपली का वेल तुमची? खाली काय बघतोस? चष्मा कुठे ठेवला मी — हं.

'भाऊ माझा राहो सुखानी।'

आणि त्याच ओळीत पुढे — 'माणिकबाई म्हणे.'

माणिकबाई. कोण रे माणिकबाई?

तेल्हाऱ्याच्या खुशालराव कापूस-जिनवाल्यांची बायको. अस्सं. आणि हे पहिल्या पानावर, मघाशी मी वेलबुट्टीच पाहत राहिले, वाचलंच नाही — 'सौ. माणिकबाई खुशालराव यांनी स्वमुखे रचिलेल्या'. स्वमुखे. पाहिलं आहे मी त्या बाईंना, भल्या आहेत, एकदा स्टेशनावर माझी पिशवी धरली होती. त्यांना ठाऊक तरी आहे का, की ह्या ओव्या — नाही? त्यांना काय सांगितलं? एका गरीब बाईनं देवाला वाहिलेल्या, नाव नको म्हणाली? हे बोलला हरिहर? तू ऐकलं? तुझ्या कानांनी?

नाही रे, खा तू. तुझ्यावर कुठे रागावते आहे मी. ताटातलं टाकू नये. पाणी देऊ?

मला एवढंच सांग. 'तारा म्हणे' बसलं नाही. आणि 'माणिकबाई म्हणे' बसलं. माझं नाव केवढं, दोन अक्षरांचं. आईबापानं जाणून ठेवल्यासारखं, की कुठं अडचण नको पोरीची. ते बाहेर जात होतं आणि हे एवढं लांब नाव आत बसलं — कसं? ती स्टिक दाखव. दाखव म्हणते नं. हे कशाचं मळसूत्र? मघाशी तू म्हणालास ढिलं झालं, मी ऐकून सोडून दिलं. लोखंडाला मळसूत्र कशाला लागतं, जर ते ताणतच नसेल? फिरव. फिरव, मी कोणाला नाही सांगत.

सरकतं.

म्हणजे हा खटका सैल केला की ही भिंत मागे जाते, आणि ओळ हवी तेवढी रुंद. लग्नपत्रिकेला वेगळी, हस्तपत्रकाला वेगळी. आणि शब्द उरला तर खालच्या ओळीवर घेता — रोजच घेता? पंचवीस वर्षं हेच करून राहिलास? मग चौकट का नाही तेही कळलं मला. ओळ रुंद केली, वेलीला जागा उरली नाही, वेल काढली. तिच्या नावासाठी वेल निघाली, देवमन. माझ्या नावासाठी मळसूत्राचा एक फेरा नाही निघाला.

कोणी जुळवली ही ओळ? तू नाही? मग? ... तुला दुपारी कागद आणायला धाडलं आणि स्वतः खिळ्यांच्या केसपाशी उभा राहिला. बरोबर. एका एका खिळ्याला बोट लावलं असेल. 'भाऊ माझा राहो सुखानी' — हे जुळवताना वाचलं नसेल का त्यानं? जुळवणारा वाचत नाही म्हणतोस? खिळ्यावर अक्षर उलटं दिसतं म्हणून? असेल. मी मात्र त्याला सुलट शिकवलं होतं.

जिनाचं सगळं छपाईचं काम आता त्याच्याकडे, हो नं? खुशालराव काय म्हणाले असतील ते तू नको सांगू, मी सांगते — 'हरिहरभाऊ, आमच्या बाईले हौस हाय, देवाधर्माचं एखांदं पुस्तक तिच्या नावानं काढून द्या.' झालं. आणि हरिहरच्या टेबलावर माझी वही पडलेली. मागितली असती रे मला. ताई, अडचण आहे, नाव देतेस का? दिलं असतं. देवाशप्पथ दिलं असतं. ज्याच्या जिवासाठी लाख वाती वळल्या, त्याला दोन अक्षरं जड होती का मला?

... बोलून गेले. सांडला संकल्प. आठ वर्षं तोंडातून काढला नव्हता, आमच्या घरच्यांनाही सांगितलं नाही. आता ऐकलंच आहेस तर ऐक. एक्कावन्न साली विषमज्वर झाला होता त्याला, एकवीस दिवस. डॉक्टर म्हणाले, आता तुमच्या देवाला विचारा. मी विचारलं. लाख वाती बोलले. छापखाना नव्हता तेव्हा, लग्न नव्हतं, काही नव्हतं. नुसता अंगात धुगधुगी असलेला एक पोरगा होता, आणि पहाटे त्यानं पाणी मागितलं. उद्या शेवटची वात त्याच्या हातानं लावून मग त्याला सांगणार होते. तीही ओवी होती नं वहीत, ताप उतरल्याची. पट्टीत बसली नाही. मीच काढली. त्यानं म्हटलं, मी काढली. ज्यानं वाचायची, त्यानंच माप दिलं.

नाही, रडत नाही. डोळे बारीक काम करून पाझरतात. वात वळणाऱ्या सगळ्या बायकांचे पाझरतात.

उद्याचं काय म्हणतोस? उद्याचं काय व्हायचं? पुनव थांबत नाही. एकवीस जणी येतील, टोपल्या रित्या होतील, अंगणभर उजेड होईल. पुस्तक नाही द्यायची मी. वाणात सुपारी, खण, आणि ओव्या तोंडानं म्हणीन — सगळ्या, त्या काढलेल्या अकरासुद्धा. वहीत रेघा मारल्या मी, जिभेवर नाही मारल्या. पार्वताबाई म्हणतील, पुस्तक कुठे? सांगीन, बाइंडरकडे अडकलं. भावाचं नाव नाही घ्यायची मी चारचौघींत. आणि कोण जाणे, येईलही तो. सकाळच्या गाडीनं येतात लोक. पाट मांडून ठेवीन त्याच्या नावाचा. रागावलेली नाही म्हणावं ताई, नुसती...

नको. काही म्हणू नको.

ऊठ आता, चार व्हायला आले. तो गठ्ठा बांध परत. तेल्हाऱ्याला पाठवा, ज्यांचं नाव त्यांचं पुस्तक, त्या बाईंचा काही दोष नाही. राहिलेले अनारसे बांधून देते, तुझ्या मुलांना. स्टिक विसरू नको, फिटर ताजनापेठेत आहे, जाता जाता दाखव.

आणि ही पट्टी. ही पण ने. त्याची त्याला दे. ताईनं काय सांगितलं विचारलं तर काही सांगायचं नाही — नुसती टेबलावर ठेवायची. जा. दार लोटून घे.