धोंडीदादाची दाढ

दातांच्या तारांना या वेळी जांभळे रबर लावून घ्यायचे, असं ठरवूनच मी आखातातल्या अल नस्र भागातल्या दवाखान्यात आले होते. आईशी मी इंग्रजीत बोलत होते, त्यामुळे शेजारच्या दोघा ट्रेलर ड्रायव्हरांना वाटलं, आम्हाला मराठी येत नाही. त्यांच्यातला तरुण सुदाम नुकताच डॉक्टरकडून बाहेर आला होता.

"काय म्हणला रं?"

"जागं राहायच्या गोळ्या कवापासून खातोस, म्हणला."

"तू सांगितलंस व्हय?"

"नाय, धोंडीदादा. दातावर दात खाऊन झिजल्यात, तोंड कोरडं पडलंय, हिरडीपाशी कीड हाय. बघूनच वळखलं त्यानं."

"खलास. आता कंपनी घरी धाडणार."

"कंपनीला सांगत नाय म्हणला. गोळी सोड, नायतर कवळी लावायची पाळी येईल, म्हणला."

"गोळी कुणी दिली, इचारलं?"

"इचारलं."

"मग?"

"तुमचं नाव नाय घेतलं."

"बरं. चल."

"आन् तुमची दाढ? आता नंबर तुमचाच हाय."

"थांबली दुखायची."

"रातभर कण्हत होता की. बसा खाली."

"आत जाऊन काय सांगू, सुदाम?"

"काय सांगायला लागत नाय, दादा. नुसतं तोंड उघडायचं."