बाथरूमच्या ठेकेदाराची चौकशी

दातांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीचा गाल सुजला होता, तरी बोलत तीच होती.

"ताई, आजही तुझ्याकडेच येते अंघोळीला."

"ये की. पण तुझ्या बाथरूमचं काम दहा दिवसांत होणार होतं ना?"

"तीन महिने झाले. फरश्या उखडल्या, नळ काढून ठेवले आणि ठेकेदार गायब. फोन केला की म्हणतो, उद्या नक्की."

"मग सांग चारचौघांना. निदान दुसरं कोणी फसणार नाही."

"काल एका बाईंचा फोन आला होता. त्यांना त्याच्याकडून स्वयंपाकघर करून घ्यायचंय. तुमचा अनुभव कसा, म्हणून विचारत होत्या."

"बरं झालं. सांगितलंस ना सगळं?"

"सांगितलं, माणूस फार चांगला आहे."

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"ते काम मिळालं की गवंडी आणणार आहे तो, आणि आधी दोन दिवस माझ्याकडे पाठवणार आहे. वाईट बोलले असते, तर माझं बाथरूम जन्मभर तसंच राहिलं असतं."

"काम देताना तू तरी चौकशी करायची होतीस."

"केली होती. त्यानेच एका बाईंचा नंबर दिला होता. तोंड भरून कौतुक केलं त्यांनी."

"त्यांचं काम नीट झालं होतं?"

"त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. तुमचं कधी सुरू होणार, एवढं मात्र चारदा विचारलं."