अर्बाबची बीबी आणि मी

अवो, कुणाची बायको पाठीवर घेऊन फिरताव तुम्ही, लाज नाय वाटत, पोरगी दहावीला आहे आपली, असं माझी बायको वनिता फोनवर ओरडत होती, आणि फोन होता स्पीकरवर, आणि मी ओमानात रुस्ताकच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, आमच्या दुकानाच्या दारात एका एसीचं पोट फाडून बसलो होतो, दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले, फोन बंद करणार कशानं, नाकानं? समोरचा हलवा विकणारा म्हातारा ओमानी, त्याला मराठीतला म माहीत नाय, पण तोही हातातलं काम टाकून माझ्याकडे असा बघायला लागला की जशी काय मी त्याचीच बायको पळवली. माझी बायको ओरडली की तिला भाषा लागत नाय. बाजारामागच्या किल्ल्यावरची कबुतरं उडाली, काय सांगू तुम्हाला. खोटं वाटतंय? वाटू दे. माझं खरं कुणालाच खरं वाटत नाय, हेच तर सगळं दुखणं आहे.

मी दत्ताराम, देवरुखच्या पुढं सह्याद्रीच्या पायथ्याला आमचं गाव. आमच्या घराण्यात गोष्ट आहे तेवढीच सांगणं हा अपमान समजतात. बापानं एकदा विहिरीतनं मांजर काढलीन, मी शाळेत जाईपर्यंत त्या मांजराचा बिबट्या झाला होता, आणि माझ्या लग्नात पाहुण्यांसमोर तिचा पट्टेरी वाघ झाला. असल्या बापाचा मी मुलगा. रत्नागिरीला आयटीआयमध्ये फ्रीज-एसीचं शिकलो, लग्न झालं, हळद निघायच्या आत इकडे ओमानला आलो. तेव्हापासून वनिताचा आणि माझा संसार म्हणजे फोन. आणि फोनवर माणसानं सांगायचं तरी काय, आज एसी साफ केला, उद्यापण साफ करणार? मग थोडं वाढवून सांगायचं. मी सांगितलं इथं गाडीच्या बॉनेटवर अंडं तळतं, तर म्हणाली, मीठ आणि पाव पण बॉनेटवरच मिळतात काय? मी काय पण सांगितलं की ती आधी त्याला चारानं भागते, मग ऐकते.

आता अर्बाबचं ऐका. अर्बाब म्हणजे आमचा मालक, सैद नाव, पस्तिशीचा, माणूस सोन्यासारखा पण डोक्यात वारं. ह्याचं घराणं आफ्रिकेतनं परत आलेलं, घरात अरबी कमी आणि तिकडची सवाहिली जास्त. दुकान रुस्ताकला, घर अल अमेरातला, त्यामुळं त्याच्या घरची माणसं मी कधी बघितली नव्हती. आमच्याशी तो हिंदी बोलतो, म्हणजे हिंदीचे तुकडे फेकतो, आपण जोडून घ्यायचे. त्याला मी केव्हातरी शिमग्याची गोष्ट सांगितली होती, की आमच्या देवीची पालखी मी एकट्यानं खांद्यावर घेऊन डोंगर चढलो. सगळं गाव होतं खांदा द्यायला, पण सगळ्या गावाची नावं घेत बसलो तर गोष्ट संपणार कधी?

तर हा एक दिवस दुकानात आला आणि म्हणाला, दत्ता, तुम आफ्रिका चलो, टांझानिया, पार्क, जानवर, पानी ऊपरसे गिरता. म्हटलं, तिकडे एसी बिघडलाय काय? म्हणाला, ला ला, म्हणजे नाय नाय, एसी नहीं, बीबी. मेरा बीबी चल नहीं सकता, तुम बीबी को पीठ पे उठाके ऊपर पानी तक लेके जाना. तुम देवी उठाया, तुम बीबी उठायेगा. यल्ला, चलो, पासपोर्ट देदो.

माझ्या पायाखालचं दुकान सरकलं. दुसऱ्याची बायको, ती पण अर्बाबची, ती पण पाठीवर! म्हटलं, अर्बाब, तुम उठाव ना, तुमारा बीबी है. तर म्हणाला, माझ्या कंबरेची गादी सरकली आहे, आणि बीबीचा तुझ्यावर विश्वास आहे, मी तिला तुझं सगळं सांगितलंय. म्हणजे घरात माझी चर्चा! खोलीवर आमचा गावकर राहतो, मालवणचा, लाकूडकामवाला, त्याला विचारलं तर मेला करवतीला तेल लावत लावत म्हणतो, दत्ता, जा बाबा, फक्त परत येताना हात दोन्ही आहेत काय ते मोजून घे.

वनिताला मी लपवलं नाय. लपवायला पायजे होतं. म्हटलं, अगो, अर्बाबच्या बायकोला पाठीवर घेऊन डोंगर चढायचाय. ती म्हणाली, एकीलाच? बाकीच्यांनी काय पाप केलं? आणि फोन ठेवलान. तिला वाटलं, अंडं तळतोय.

मस्कतच्या विमानतळावर मी मान खाली घालून उभा. अर्बाब एक चाकाची खुर्ची ढकलत आला. खुर्चीत कोण, तर ही एवढीशी म्हातारी, सुकलेल्या खारकेएवढी, डोळ्यांत काजळ, हातभर मेंदी, अंगावर आफ्रिकेतलं ते पिवळं फुलाफुलांचं कापड, कांगा म्हणतात त्याला. अर्बाबनं वाकून तिच्या कपाळाचा मुका घेतलान आणि मला म्हणाला, दत्ता, ये मेरा बीबी. मी मनात हिशेब घातला. हा पस्तिशीचा, ही नव्वदीची. म्हटलं, असतील यांच्यात रिवाज, असेल काय इस्टेटीचं, आपण एसीवाले, आपल्याला काय करायचंय. पण मनात कौतुकही वाटलं हो, आपल्याकडे तरुण बायकोची कुणी एवढी काळजी घेत नाय. दार-ए-सलामला उतरून वनिताला सांगितलं, अगो, घाबरू नको, बायको नव्वदीची आहे. आता सांगा, हे खरं होतं की नाय? शंभर टक्के खरं! तर म्हणते कशी, नव्वदला चारानं भागलं तर किती होतात माहीत आहे ना तुम्हाला? बावीस वर्षं! मला काय वेडी समजताव?

तिथनं ती आमची वरात निघाली. दिवसभर गाडी, मग मिकुमीचं पार्क. तुम्ही टीव्हीवर बघता ते सगळं तिथं गवतात उभं आहे, गाईगुरांसारखं. जिराफ एवढा उंच की त्यानं खाल्लेला पाला पोटात पोचेपर्यंत आमचं जेवण झालं. सिंह बघितला, तो झोपलेला. तासभर झोपलेला सिंह बघायला पासपोर्ट लागतो काय? एकदा त्यानं जांभई दिलीन, तेव्हा काल काय खाल्लान ते मला आत दिसलं. एका वानरानं, कुत्र्याच्या तोंडाचं असतं ते, त्यानं गाडीच्या खिडकीतनं माझा चपातीचा डबा उचललान आणि झाडावर बसून आधी भाजी खाल्लीन, मग चपाती. माणसासारखं जेवायचं पण अक्कल नाय. आणि हत्ती रस्त्यात उभा राहिला तर अर्बाब म्हणतो, दत्ता, उतरके देखो. मी का? मी एसीवाला! हत्तीत काय गॅस भरायचाय?

पण मला खरा वैताग त्याचा नव्हता. खरा वैताग हा की जो भेटेल तो तिला बीबी म्हणत होता. पार्कच्या दारावरचा शिपाई, बीबी. केळी विकणारी बाई, बीबी. जेवण वाढणारा पोऱ्या, वाकून हात जोडून बीबी. आणि अर्बाब हसतोय! म्हटलं, सगळी आफ्रिका हिला बायको म्हणतेय आणि याला काहीच नाय?

दुसऱ्या दिवशी डोंगराचं पार्क, तिथं गाडी जात नाय, घनदाट जंगल आणि वर धबधबा. पायथ्याच्या गावात म्हातारीच्या बापाचं दुकान होतं म्हणे, तिथंच जन्मली ती. दुकानाच्या ओट्यावरनं तो धबधबा डोंगरावर पांढऱ्या दोऱ्यासारखा रोज दिसायचा, पण मुलीच्या जातीनं रानात जायचं नाय. मग लग्न होऊन किनाऱ्याला गेली, मग जहाजातनं ओमानला. तो दोरा जवळनं बघायचा राहिलाच. हे मला अर्बाबनं गाडीत सांगितलंन, तेव्हा पहिल्यांदा माझी पाठ जरा मऊ झाली.

तिला कांग्यात झोळीसारखी बांधली माझ्या पाठीला, आणि पार्कच्या गाईडला घेऊन निघालो. दिसायला खारीक, पण देवाशप्पथ, चढावर तिचं वजन म्हशीएवढं झालं. हातात काठी, तिनं माझ्या डाव्या कानावर टोचायची, कुशोटो! म्हणजे डावीकडे. उजव्या कानावर टोचायची, कुलिया! मी म्हणजे बैल. मध्येच ओरडायला लागली, पोले पोले, पोले पोले! मला वाटलं पोळलं पोळलं, गरम चहाची बाटली आमच्या दोघांच्या मधे बांधली होती ना, म्हटलं म्हातारी भाजली! मी धावत सुटलो वरच्या सावलीकडे. ती आणखी जोरात, पोले पोले! मी आणखी जोरात धावतोय. मागनं अर्बाब ओरडतोय, गाईड ओरडतोय, झाडावरची माकडं ओरडतायत. शेवटी गाईडनं माझा शर्ट धरलान आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, अरे बाबा, पोले पोले म्हणजे हळू हळू. मग म्हातारीला वाकून म्हणाला, सॉरी बीबी.

तिथं माझा सगळा साठलेला वैताग फुटला. मी म्हटलं, ए मिस्टर, बीबी नो! नो युवर बीबी! अर्बाब बीबी! नवऱ्यासमोर तरी लाज बाळगा! गाईड माझ्याकडे बघतोय, मी अर्बाबकडे, अर्बाब गाईडकडे. मग अर्बाबला कळलं. तो खाली बसला. कंबरेची गादी सरकलेला माणूस जमिनीवर लोळून हसायला लागला. दत्ता, म्हणाला, सवाहिलीमें बीबी मतलब दादी! माझी आजी आहे ती! तिनंच मला लहानाचा मोठा केला! आणि त्यानं ते म्हातारीला सांगितलंन, तर ती माझ्या पाठीवर इतकी हसली की काठी पडली, आणि तेवढ्यात अर्बाबनं मागनं फोटो काढलान.

धबधब्यापाशी पोचलो तर बोललेलं ऐकू येईना. मी तिला खडकावर बसवली, चपला काढल्या, पाय पाण्यात सोडले. पाणी बर्फासारखं. ती किती वेळ वर बघत राहिली. मला वाटलं रडेल. अर्बाब रडायला लागला होता. तर म्हातारी वैतागून काहीतरी म्हणाली. अर्बाबनं मला सांगितलंन, ती म्हणते, ओट्यावरनं तर हे किती जवळ दिसायचं, मला कुणी सांगितलं का नाय इतकं लांब आहे म्हणून. मग तिनं ओंजळीत पाणी घेऊन माझ्या टकलावर ओतलंन. आशीर्वाद की माप काढणं, मला कळलं नाय. पण मी गप्प बसलो, आणि मी गप्प बसणं ही त्या डोंगरातली सगळ्यात मोठी घटना होती.

आता तो फोटो. अर्बाबनं दुकानाच्या ग्रुपवर टाकलान, खाली इंग्रजीत लिहिलंन, दत्ताराम विथ बीबी. मागनं काढलेला! म्हातारीचं तोंड दिसत नाय, दिसतो तो पिवळा कांगा, माझ्या गळ्यात पडलेले मेंदीचे हात, आणि वळून दात काढणारा मी. गावकर मेल्यानं तो स्टेटसला लावलान. मी रुस्ताकला परत येऊन पहिला एसी उघडेपर्यंत तो देवरुखला पोचला, आणि मग तो फोन, ती कबुतरं. मी म्हटलं, अगो, बीबी म्हणजे आजी! तर म्हणाली, काल बायको होती, आज आजी झाली. तुमच्या बापाच्या मांजराचा वाघ झाला, तसलंच हे. आणि बोलणं बंद. मेसेजला उत्तर नाय. पोरीला फोन केला तर पोरगी म्हणते, बाबा, आई तुळशीला पाणी घालतेय. दिवसभर पाणी घालतेय? तुळस आहे की भातशेती? मला रात्री झोप येईना. जन्मभर वाढवून सांगितलं तेव्हा संसार चालला, आणि एकदा अक्षर न् अक्षर खरं सांगितलं तर मोडायला आला.

शेवटी अर्बाबला सांगून अमेरातला गेलो, म्हातारीच्या खोलीतला एसी साफ करायच्या निमित्तानं. पोरीला म्हटलं, आईच्या तोंडासमोर फोन धर. व्हिडिओ लावला आणि म्हातारीच्या हातात दिला. अर्बाबनं तिला सगळं समजावलं होतं. तिनं काय केलंन माहीत आहे? तोंडातली कवळी काढलीन, वरची पण आणि खालची पण, आणि हिरड्या दाखवून वनिताकडे बघून हसली. वनितानं पदर डोक्यावर घेतलान, हात जोडलेन, म्हणाली, आजी, जेवलात काय? म्हातारी सवाहिलीत बोलायला लागली, वनिता मराठीत. एक अक्षर एकमेकींचं कळत नाय, पण थांबेनात. म्हातारी माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती आणि वनिता म्हणत होती, व्हय व्हय, असाच आहे तो. मी मधे काय बोलायला गेलो तर दोघींनी मला गप्प केलं.

बाहेर गाडीत बसलो आणि वनिताला परत फोन केला. छाती फुगली होती माझी. म्हटलं, बघितलंस? खरं होतं की नाय? आता ऐक, नव्या नवरा-नवरीनं जोडीनं मार्लेश्वरला जायचं असतं, धबधब्याच्या तोंडाशी देव आहे, आपलं ते राहिलंय. या सुट्टीत मी तुला अशीच पाठीवर बांधून सगळ्या पायऱ्या चढवतो, गाव बघत राहील, बघच तू.

ती म्हणाली, पायऱ्या माझ्या मी चढेन. तुम्ही या तर आधी.