उडवलेली ओळ

दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या शिंपीणबाईंचे कान शेजारच्या दोघा प्रोग्रामरांकडे लागले होते.

“जुन्या ब्राउझरमधला तो फोकसचा एरर सोडवलास कसा?”

“पडद्यावर चौकट उघडायच्या आधीच आपला कोड कर्सर तिच्यात ठेवायला धावायचा. जुना ब्राउझर तिथेच अडून बसायचा.”

“मग कोडला क्षणभर थांबवायचं की!”

“तेवढा धीर कुणाला? मी कोडमधली ती ओळच उडवली.”

“एरर गेला ना? झालं तर मग.”

“पण नव्या ब्राउझरमध्येही चौकटीतला कर्सर गेला. एक आजोबा फोन करायचे. त्यांना दिसत नव्हतं. कर्सर जाईल तिथलं त्यांचा कॉम्प्युटर वाचून दाखवायचा. ‘बाळा, चौकट उघडली म्हणतोस, पण मला ती सापडत नाही रे.’”

“तू काय म्हणालास?”

“‘बघतो, आजोबा.’ दर वेळी तेच. मग त्यांचे फोन यायचे थांबले. ऑफिसात मी सांगितलं, तक्रार मिटली.”

“आता तरी ओळ परत घातलीस?”

“काल घातली.”

“मग कळव की त्यांना! नंबर नाही?”

“आहे ना. पण दुसऱ्याच कुणी उचलला तर?”